मृणाल गोरे यांच्याबद्दल बोलूया का? (आणि आपल्या नाशकातल्या बायकांच्या राजकारणाबद्दलपण)

गोदाकाठची_सई
मंडळी, आपल्याकडे महिला नेत्या म्हटलं की गाडी लगेच कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको इथे जाऊन थांबते. परवाच्या धाग्यातपण तेच झालं. म्हणून म्हटलं एका अशा बाईंबद्दल लिहावं ज्यांच्या मागे ना घराणं होतं, ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था. मृणाल गोरे. माझ्या वयाच्या लोकांना फारतर "पाणीवाली बाई" एवढंच ऐकून माहिती असतं आणि त्याहून लहानांना गोरेगावचा मृणालताई गोरे उड्डाणपूल.

जन्म १९२८ चा. माहेरच्या मोहिले. मेडिकलला होत्या, हुशार होत्या, पण राष्ट्र सेवा दलात गेल्या आणि ते शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ ला केशव गोरे, सगळे ज्यांना बंडू गोरे म्हणायचे, त्यांच्याशी लग्न केलं, तेही जातीबाहेर. दोघं समाजवादी, दोघांचं काम गोरेगावात, तेव्हाचं गोरेगाव म्हणजे मुंबईच्या वेशीवरचं, वस्ती वाढतेय पण नळ, रस्ता, दिवा कशाचाच पत्ता नाही असं. १९५८ ला बंडू गोरे गेले. या तिशीच्या, पदरात लहान मुलगी. आणि १९६१ ला या मुंबई महापालिकेत निवडून आल्या.

आता माझा मुद्दा असा की १९६१ पासून ते १९७२ ला आमदार होईपर्यंतची जी अकरा वर्षं आहेत ना तीच खरी त्यांची कमाई आहे, बाकी सगळं त्यावर उभं राहिलं. आणि त्या वर्षांबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. आणीबाणी, दिल्लीतली खासदारकी, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेला बायकांचा लाटणं मोर्चा यावर सगळे लिहितात. पण नगरसेविका म्हणून त्यांनी वॉर्डात काय केलं, ते मला आपल्या नाशकाच्या दृष्टीने जास्त कामाचं वाटतं. बोला.

सिडकोकर_नाना
सई छान विषय काढलास. पण आधीच सांगतो मी जरा उलटं बोलणार, रागावू नको.

आम्ही अंबडला कंपनीत होतो, युनियनमध्ये होतो, समाजवादी लोक जवळून पाह्यलेत. माणसं सोन्यासारखी, सभेला वेळेवर येणार, चहाचे पैसे स्वतः देणार, आणि दर पाच वर्षांनी पक्ष फोडणार. मृणालताईंबद्दल आदर आहेच, पण मागे काय राहिलं ते पण बघायला पाहिजे ना? गोरेगावात त्यांच्यानंतर तो पक्ष कुठे आहे? शिवसेना भाजप दोघं येऊन बसले. नळ यांनी आणले आणि मतं दुसऱ्यांनी नेली.

आजी_इंदिरानगरच्या
नाना, थांबा जरा. मी लग्न होऊन नाशकात आले पण माहेर गोरेगावचं. त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे 😊

आमच्या आईचं शिक्षण चौथी. वडील गिरणीत. चाळीत नळ एकच आणि तो पहाटे यायचा तोही करंगळीएवढी धार. आई त्या बाईंच्या मोर्चांना जायची. घरी कुणी काही म्हटलं तर म्हणायची पाण्याला जायचं म्हटलं तर कुणी अडवत नाही आणि पाणी मागायला जायचं म्हटलं तर कसं काय अडवता. लक्षात घ्या त्या काळी बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं, आणि हंडा हे असं कारण होतं की सासूपण नाही म्हणू शकत नव्हती. मृणालताईंना हे बरोबर कळलं होतं. बायकांना "राजकारणात या" म्हटलं असतं तर एक बाई आली नसती.

आणि आई सांगायची की बाई नुसत्या ओरडायच्या नाहीत. कागद घेऊन जायच्या. कुठल्या गल्लीला कधी अर्ज केला, कुणी काय उत्तर दिलं सगळं. साहेब म्हणायचे बघतो, तर या म्हणायच्या मग आम्ही इथेच बसतो, तुम्ही बघा. आणि बायका खरंच बसायच्या, भाजी निवडायला घेऊन यायच्या सोबत.

जागल्या
आजी 🙏 भाजी निवडणारा मोर्चा भारीच.

पण माझा प्रश्न वेगळाय. आपल्याकडे महापालिकेत ५० टक्के महिला आहेत की. २०११ ला राज्याने कायदा केला, २०१२ आणि २०१७ ला नाशकात १२२ जागा होत्या म्हणजे निम्म्या ६१ बायकांच्या. मग ६१ मृणाल गोरे का नाही झाल्या? उलट प्रभागात फोन केला तर "साहेबांशी बोला" म्हणतात, साहेब म्हणजे नगरसेविकेचा नवरा. बॅनरवर तिचा फोटो बारीक आणि त्याचा मोठा.

गोदाकाठची_सई
जागल्या तेच तर म्हणतेय मी. त्यांच्या वेळी आरक्षण नव्हतं. १९६१ ला बाई निवडून यायची तर ती लोकांनी आधी बघितलेली असायला लागायची. म्हणजे काम आधी, जागा नंतर. आत्ता उलट होतं, आधी सोडत निघते, मग प्रभाग "महिला" झाला की घरात बघतात कोण आहे उभं करायला. आरक्षणाच्या मी विरोधात नाही हां, अजिबात नाही. त्या दारातून आत आलेल्या काही जणी पुढे चांगल्या तयार झाल्यात.

आणि आपल्या जिल्ह्यात परंपरा नाही असंही नाही. दाभाडीच्या पुष्पाताई हिरे मंत्री झाल्या, शोभा बच्छाव नाशकाच्या महापौर, मग आमदार, राज्यमंत्री आणि आता धुळ्याच्या खासदार, भारतीताई पवार दिंडोरीतून जाऊन केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी ३ जागी बायका, देवयानी फरांदे, सीमा हिरे, सरोज अहिरे. गंमत बघा, तिन्ही मतदारसंघ शहरातले नाहीतर शहराला लागून. येवला, निफाड, सिन्नर, चांदवड इकडे पुरुषच.

चांदवडी
चांदवडचं नाव काढलं म्हणून आलो भो. शेतावर होतो.

तुम्ही शहरातली माणसं लाटणं मोर्चावर बोलता पण १९८६ चं चांदवड कुणाला आठवत नाही. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६, शेतकरी महिला अधिवेशन, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बोलावलेलं. लाखांत बाया आल्या होत्या आमच्या गावात, लाखांत! विदर्भातून, मराठवाड्यातून, ट्रकात बसून, भाकरी बांधून. त्याच्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती आली, म्हणजे नवऱ्याने स्वतःहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. आणि १९८९ ला विटनेर, मेटीखेडा असल्या गावांत अख्ख्या ग्रामपंचायती बायकांनी चालवायला घेतल्या, तेव्हा कुठलं आरक्षण होतं? ३० टक्के तर १९९० ला आलं.

मृणालताई मोठ्याच. पण महागाईचा मोर्चा म्हणजे धान्य तेल साखर स्वस्त द्या. आणि स्वस्त द्या म्हणजे कुणाच्या जिवावर? आमच्याच ना. शहरातली बाई लाटणं घेऊन निघाली की सरकार निर्यात बंद करतं आणि इथे लासलगावला कांदा मातीमोल होतो. हे पण लिहा कुणीतरी.

वकीलबाई_शरणपूर
चांदवडी यांचा मुद्दा एकदम रास्त आहे आणि याला उत्तर सोपं नाही. फक्त एक, १९७२ चा काळ बघायला हवा. दुष्काळ होता, रेशनवर वेळेवर धान्य नाही, रॉकेल आणि तेल गायब आणि गोदामांत साठे. लाटणं मोर्चा काढणाऱ्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा रोख मुख्यतः साठेबाज आणि सरकारी वाटपावर होता. त्यात मृणालताई समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या, प्रमिला दंडवते समाजवादी. एरवी हे पक्ष एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. बायकांनी एकत्र समिती चालवून दाखवली. मला लाटण्यांपेक्षा यात जास्त राजकारण दिसतं.

आणि निकाल काय तर १९७७ ला मुंबईतून मृणालताई उत्तर मुंबईच्या खासदार, अहिल्याताई उत्तर मध्यच्या खासदार. १९८० ला प्रमिलाताई त्याच उत्तर मध्यमधून. एका मोर्चातल्या तीन बायका लोकसभेत. त्यामुळे नाना, "मागे काय राहिलं" म्हणताना हेपण धरा.

मनमाडी_पोरगा
मी एवढंच ऐकलं होतं, पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में 😂 हे खरं आहे का कुणी नंतर बनवलं?

आजी_इंदिरानगरच्या
खरं आहे रे बाळा. ७७ ची घोषणा. मृणालताई दिल्लीला गेल्या आणि इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. लोक रस्त्यात म्हणायचे.

पण त्याच्या आधी आणीबाणीत त्यांनी काय सोसलं ते पण बघ. काही महिने भूमिगत होत्या, घरं बदलत, कार्यकर्ते जमवत. नंतर पकडल्या गेल्या. तुरुंगात एका बाजूला कुष्ठरोगी बाई आणि एका बाजूला मनोरुग्ण बाई अशा ठिकाणी एकटं ठेवलं होतं. आणि बाहेर आल्या त्या थेट निवडणुकीला उभ्या. आमच्या आईने त्या निवडणुकीत घरोघरी स्लिपा वाटल्या, तिला वाचता यायचं जेमतेम पण कुठली स्लिप कुठल्या खोलीत हे पाठ.

सिडकोकर_नाना
बरं बरं वकीलबाई, मान्य, तीन खासदार. तरी माझं म्हणणं कायम. ७७ ची लाट होती, ओंडकेपण तरून गेले. ८० ला सगळं आडवं.

पण घरांबद्दल कुणी बोललं नाही अजून? त्यांचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते तेच आहे. आम्ही कामगार माणसं, आम्हाला घर म्हणजे काय ते कळतं. इथे नाशकात सिडकोने सहा योजना केल्या म्हणून आमच्यासारख्यांना डोक्यावर छप्पर आलं, नाहीतर सातपूरला एका खोलीत सहा जण झोपायचो शिफ्टप्रमाणे.

वकीलबाई_शरणपूर
नाना बरोबर जागी बोट ठेवलंत. थोडं कायद्याचं सांगते, कंटाळू नका.

१९७६ ला नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत एका माणसाला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नाही, वरची सरकार घेणार आणि गरिबांच्या घरांसाठी वापरणार, असा हेतू. नाशकातपण लागू होता बरं का, जुन्या लोकांना "यूएलसी" म्हटलं की लगेच आठवेल, प्लॉट घेताना ते पत्र आहे का विचारायचे. पण झालं काय तर कायद्यातच सूट द्यायची सोय होती आणि जमीनमालक सूट मिळवत गेले. सरकारच्या ताब्यात प्रत्यक्ष जमीन आली ती अगदीच थोडी.

इथे मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबुराव सामंत, पी. बी. सामंत यांनी नागरी निवारा परिषद काढली. म्हणाले जमीन द्या असं नुसतं म्हणणार नाही, कायद्याप्रमाणे ही जमीन गरिबांचीच आहे, द्या. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, सत्याग्रह, निवेदनं. शेवटी गोरेगावला दिंडोशीत ६० एकरांच्या वर जागा मिळाली आणि ६ हजारांवर घरं झाली, कमी उत्पन्नाच्या लोकांची, सोसायट्या करून. मुंबईत! आणि पुढे २००७ ला राज्याने तो कायदाच रद्द केला. म्हणजे त्या कायद्याचा जो थोडाफार उपयोग गरिबांना झाला त्यात दिंडोशी बरंच वर येईल.

जागल्या
हे माहीतच नव्हतं. म्हणजे बाई सभागृहातपण होत्या, रस्त्यावरपण आणि कोर्टातपण. आजकाल यातलं एकच करतात, ते पण इन्स्टावर 😄

मनमाडी_पोरगा
पाण्याचं पण सांगा ना नीट. आमच्या मनमाडला पाणी कित्येक दिवसांनी येतं हे अख्ख्या महाराष्ट्राला माहितीय, घरोघरी टाक्या आणि ड्रम, पाहुणा आला की आधी आंघोळ करून आलास का विचारतात. मग मृणाल गोरेंनी नक्की वेगळं काय केलं? हंडा मोर्चा तर आमच्याकडे दर उन्हाळ्यात निघतो, फोटो येतो, संपला विषय.

गोदाकाठची_सई
हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

मला जे वेगळं दिसतं ते असं. मुंबईचं पाणी तानसा वैतरणाकडून येतं, मोठमोठ्या पाइपलाइन उपनगरांतून जातात, आणि त्याच पाइपच्या कडेच्या झोपड्यांना पाणी नाही. कारण काय तर तुम्ही अनधिकृत. म्हणजे पाणी कमी होतं म्हणून नाही, तुमचा कागद नाही म्हणून. मृणालताईंनी वाद तिथे घातला की जागा कुणाची हे नंतर ठरवा, माणूस आज तहानलेला आहे. झोपडी पाडायची की ठेवायची हा वेगळा विषय आणि नळ द्यायचा की नाही हा वेगळा. आता साधं वाटतं. पण हाच प्रश्न पुढे इतकी वर्षं चालला की डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की २००० नंतरच्या झोपड्यांनापण पाणी नाकारता येणार नाही. त्या हे साठच्या दशकात म्हणत होत्या.

म्हणजे हंडा हा फोटोसाठी नव्हता, त्याच्यामागे मागणी एकदम नेमकी होती, अमुक गल्लीत अमुक ठिकाणी सार्वजनिक नळ. आणि तो झाला की पुढची गल्ली. आपल्याकडच्या मोर्चात मागणी काय असते? "पाणीप्रश्न सोडवा". आता हे कुणी कसं सोडवायचं? पेठ सुरगाण्याच्या बायका विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात त्याचे व्हिडिओ दर मे महिन्यात फिरतात, सगळ्यांना वाईट वाटतं, जूनला पाऊस येतो आणि तेवढ्या भागात तर धो धो येतो. तिथे गावागणिक नेमकी मागणी घेऊन अकरा वर्षं बसणारी कुणी हवी.

चांदवडी
अकरा वर्षं बसायला पोट भरायला पाहिजे ताई. मुंबईत ट्रस्ट होते, कार्यकर्ते होते, पेपरवाले जवळ होते. सुरगाण्यात कोण बसणार.

गोदाकाठची_सई
हो, हे खरंय. केशव गोरे स्मारक ट्रस्टची वास्तू, तिथला कार्यकर्त्यांचा राबता, हे त्यांच्या पाठीशी होतं. एकटी बाई सगळं करत नव्हती.

वकीलबाई_शरणपूर
आणखी एक राहिलं ते माझ्या जवळचं आहे म्हणून लिहिते. १९८५ ला त्या परत विधानसभेत आल्या आणि १९८६ ला गर्भलिंग तपासणीविरुद्ध खासगी विधेयक आणलं. तेव्हा अशा तपासणीच्या उघड जाहिराती असायच्या, आत्ता थोडे पैसे घाला पुढचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या. १९८८ ला महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ ला.

आता कायद्याने सगळं थांबलं का, तर नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. उतरताच. पण मला विचाराल तर यात दोष कायदा आणणारीचा नाही. अंमलबजावणीला जे लागतं, दवाखान्यांची तपासणी, फॉर्मची छाननी, साक्षीदार टिकवणं, ते कंटाळवाणं काम कुणाला नको असतं. मी अशा केसेस बघितल्यात, साक्षीला येतो म्हणणारे तारखेला गावाला गेलेले असतात.

सिडकोकर_नाना
विरोधी पक्षनेत्या पण होत्या ना त्या?

वकीलबाई_शरणपूर
हो, १९८८-८९ ला, जनता पक्षाकडून. त्याआधी १९७९-८० ला प्रतिभाताई पाटील होत्या, आपल्या शेजारच्या जळगावच्या, त्या पुढे राष्ट्रपती झाल्या. आणि नाशिककरांसाठी खास माहिती, १९८६-८७ ला याच पदावर जनता पक्षाचेच मालेगावचे निहाल अहमद होते. म्हणजे गोरेगाव आणि मालेगाव एकाच पक्षाच्या एकाच बाकावर.

जागल्या
निहालभाई! आमचे वडील सांगायचे त्यांच्याबद्दल. तो पक्षच वेगळा होता म्हणा.

आणि तेव्हापासून आजपर्यंत मुख्यमंत्री म्हणून एक बाई नाही झाली महाराष्ट्रात. २८८ आमदारांत २०१९ ला २४ बायका होत्या. फुले आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणायचं नुसतं.

सिडकोकर_नाना
म्हणूनच म्हणतो ना, संघटना मागे ठेवली असती तर झाली असती. समाजवाद्यांनी नव्वदपर्यंत पक्षाचे इतके तुकडे केले की पुढच्या बायकांना जायला घरच उरलं नाही, मग जी ती घराण्यांच्या पक्षात गेली. मृणालताई नंतर एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या विरोधात पण उतरल्या, वय झालं होतं तरी. पण एकेकटं आंदोलन वेगळं आणि पक्ष वेगळा. यावर माझं मत बदलणार नाही, तुम्ही कितीही लिहा.

आजी_इंदिरानगरच्या
नका बदलू. पण नाना, पक्ष मागे नाही राहिला हे खरं धरलं तरी आमची आई ८० च्या पुढे गेली तोवर कुठल्याही ऑफिसात एकटी जायची. रेशन असो, बँक असो. "माझा अर्ज कुठे अडकलाय" असं विचारायची, "माझं काम करा हो साहेब" असं कधी नाही. आमच्या चाळीत अशा दहापंधरा तरी होत्या. त्या कुठल्या पक्षाच्या यादीत सापडतील?

२०१२ ला जुलैत मृणालताई गेल्या, वसईला. आई तेव्हा इथे माझ्याकडे होती. टीव्हीवर बातमी लागली तर म्हणाली आता पाणी जरा जपून वापरा. काय डोक्यात होतं तिच्या कोण जाणे.

मनमाडी_पोरगा
आजी ❤️

मला विधानसभेतली त्यांची भाषणं वाचायचीत. कुठे मिळतील?

वकीलबाई_शरणपूर
विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड छापलेले असतात, विधिमंडळाच्या ग्रंथालयात. १९७२ ते ७७ आणि १९८५ ते ९० बघ. प्रश्नोत्तराचा तास आधी वाच, भाषणं नंतर. बाई कशा खोदून विचारायच्या ते उपप्रश्नांत कळतं.

गोदाकाठची_सई
चांदवडी, तुम्ही १९८६ च्या अधिवेशनावर वेगळा धागा काढा ना. कांद्याचा आणि लाटण्याचा मुद्दा तिथे नीट बोलता येईल, इथे अर्धवट राहिला.

चांदवडी
काढतो ताई, पण उन्हाळ कांदा चाळीत जाऊ द्या आधी, मजूर मिळत नाहीयेत. आई होती त्या अधिवेशनाला, स्वयंपाकाच्या तुकडीत. तिला विचारून लिहीन. ती म्हणते भाषण एक पण ऐकायला मिळालं नाही, दोन दिवस नुसत्या भाकरी थापल्या.

सिडकोकर_नाना
हे आधी लिहा!